गोदाबाईंचा उजवा हात

गोदाबाई उभ्यानं झोपायच्या. मी दवाखान्यात शिकायला आले त्या पहिल्याच दुपारी त्या औषधांच्या कपाटाला खांदा टेकून, डोळे मिटून उभ्या होत्या. मला वाटलं, काहीतरी आठवतायत. मी अदबीनं समोर उभी राहिले. बराच वेळ गेला. शेवटी आमचे दरवान तात्या आत आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, बाई निजल्यात. आवाज करू नगंस. जाग्या झाल्या तर तुलाच काम सांगत्याल."

डोळे न उघडता गोदाबाई म्हणाल्या, "मी ऐकतीया, तात्या."

आणि त्यांनी मला काम सांगितलं. पुरुषांच्या खोलीतली बेडपॅन धुवायचं.

पन्नास सालच्या पुढची ती वर्षं. बारामतीतला आमचा दवाखाना लहानच होता. बायकांची एक खोली, पुरुषांची एक आणि मध्ये ड्रेसिंगची खोली. माणसं मात्र आसपासच्या सगळ्या गावांतून यायची. कुणी बैलगाडीतून, कुणी बाजेवर, कुणी पोराच्या पाठुंगळी बसून. करणाऱ्या आम्ही चौघी. तिथंच राहून, राबून शिकायचं आणि मग पुण्याला जाऊन नर्सची परीक्षा द्यायची. पास झालं की सरकारी रजिस्टरात नाव चढायचं, कुठल्यातरी तालुक्याला नेमणूक व्हायची, राहायला खोली मिळायची. नापास झालं की पुन्हा बेडपॅन. तीनदा बसायची मुभा होती. तिसऱ्यांदाही घोडं अडलं तर गाशा गुंडाळून घरी जायचं.

मी आले तेव्हा गोदाबाईंची एक खेप वाया गेलेली होती.

हल्ली आमच्या कामाबद्दल लोक बोलतात तेव्हा 'सेवा' म्हणतात. मला त्या शब्दाचा कंटाळा येतो. सेवा करणारं माणूस म्हणे प्रसन्न दिसतं. गोदाबाई कधी प्रसन्न दिसल्या नाहीत. त्या दमलेल्या दिसायच्या, कारण त्या दमलेल्या असायच्या. टाचा भेगाळलेल्या, डोळ्यांखाली काळं, बोलणं हळू. कुणी विचारलं, "बाई, बरं न्हाय का?" तर म्हणायच्या, "बरी हाय. निस्ती झोपायची राहिलीया." एवढं बोलून पुढच्या खाटेकडं. हात मात्र कधी हळू चालले नाहीत. त्यांनी बांधलेलं बँडेज सोडवताना आमच्या नाकी नऊ यायचे.

त्या पणदऱ्याच्या सून. नवरा टायफाइडनं गेला तेव्हा मुलगी कडेवर होती. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. घरचा ऊस, शब्दाचे पक्के, आणि तेवढेच हट्टी. सातवी शिकलेली सून नुसती चुलीपुढं बसण्यापेक्षा नर्स झाली तर बरं, हे त्यांना गावातल्या मास्तरांनी पटवलं होतं. आबांनी हो म्हटलं, पण अट घातली, "नाव चढू दे, खोली मिळू दे, मग पोर न्ये. तवर पोर हितं."

अट तशी वाईट नव्हती. आम्हा चौघींना मिळून एक खोली, त्यात मूल ठेवायची परवानगीच नव्हती. पण कमळ, म्हणजे ती मुलगी, आईच्या परीक्षेसाठी वाढायची थांबणार होती थोडीच? तिला दहावं लागलं होतं आणि घरात पाव्हण्यारावळ्यांच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. गोदाबाईंना पास व्हायचं होतं ते एवढ्यासाठी. पोरीनं दुसऱ्याच्या घरी नांदायला जायच्या आधी थोडे दिवस आपल्या घरी राहावं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांना नर्सपणाची हौस होती असं मला कधीच वाटलं नाही.

पहिल्या खेपेला त्या नापास झाल्या कारण पेपर लिहिता लिहिता त्यांना झोप लागली. रात्रपाळी करून सकाळच्या छोट्या गाडीनं दौंड, तिथून पुणं, आणि तशाच जाऊन बाकावर बसल्या. "परस्न सोपा व्हता गं, शालन," त्या मला सांगायच्या. "टायफाइडच्या रोग्याची देखभाल. ते तर मला पाठच. मी मनात म्हनलं, आता निवांत लिव्हायचं. निवांत म्हनलं तितंच चुकलं." जाग आली तेव्हा परीक्षेच्या बाई पेपर गोळा करत होत्या.

तेव्हापासून त्या बसून अभ्यास करत नसत. बसलं की संपलं, असा त्यांचा हिशेब. चालता चालता, अंग पुसता पुसता, ताप बघता बघता त्या धडे म्हणायच्या, आणि समोर जो रोगी असेल त्याला ते ऐकावे लागायचे. बहुतेकांना त्यातलं काही कळायचं नाही, त्यामुळे बरं चाललं होतं. पण एकदा सांगवीचा एक तरणा शेतकरी टायफाइडनं आला. उशाशी त्याची आई. गोदाबाई ओल्या फडक्यानं त्याचं अंग पुसत होत्या आणि तोंडानं धडा चालू होता, "दुसऱ्या आठवड्याच्या पुढं आतड्याला भोक पडू शकतं. पोट फुगतं. नाडी पळती. हातपाय गार पडत्यात." आईच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी पाहतो तर खाट रिकामी. ज्या दवाखान्यात पोटाला भोक पडतं तिथं तिला लेक ठेवायचा नव्हता.

डॉक्टरसाहेबांनी गोदाबाईंना सगळ्यांसमोर झापलं.  पाळी संपल्यावर त्या न जेवता निघाल्या, वाटेत मिळेल त्या गाडीत बसून सांगवी गाठली. दिवस मावळायच्या आत एक बैलगाडी आमच्या फाटकात आली. गाडीत रोगी आडवा, त्याच्या शेजारी गोदाबाई आडव्या, आणि त्यांचं डोकं त्या आईच्या मांडीवर. म्हातारी आम्हालाच दटावून म्हणाली, "बाईस्नी उठवू नगा. लई दमल्यात."

नंतर मी विचारलं की तिला आणलंत कसं समजावून. त्या म्हणाल्या, "समजवायचं काय त्यात? म्हनलं, माझा मालक ह्याच तापानं घरी ठिवून गेला. घरी ठिवल्यावर काय हुतं त्ये बी मला पाठ हाय." तो मुलगा बरा होऊन गेला. पुढं कधीतरी त्यानं आम्हाला वांगी आणून दिली होती. धडे म्हणणं काही थांबलं नाही, फक्त आवाज खाली आला.

दुसऱ्या खेपेला लेखी पेपर पार पडले. प्रात्यक्षिकात माशी शिंकली.

जखम बांधण्याआधी आम्हाला ब्रश आणि साबणानं कोपरापर्यंत हात घासावे लागत. मग ते औषधाच्या पाण्यातून काढायचे, आणि त्यानंतर उकळून घेतलेल्या सामानाखेरीज कशालाही लावायचे नाहीत. नाकावर माशी बसली तरी बसू द्यायची. गोदाबाईंनी तसे हात घासले आणि पुढं धरून उभ्या राहिल्या. तेवढ्यात दारातून परीक्षक आले. वयस्कर डॉक्टर, डोक्याला फेटा, पांढऱ्या मिशा. आत येताना ते खाकरले. घरातला कर्ता पुरुष ओसरीवरून आत येताना खाकरतो तसेच. आणि गोदाबाईंचा उजवा हात आपोआप वर गेला, पदर घ्यायला. पदर कमरेला खोचलेला, पिन लावलेली. हात डोक्यावरून मानेपर्यंत फिरून आला. शेजारच्या परीक्षक बाईंनी कागदावर रेघ मारली. पुढचं सगळं गोदाबाईंनी बिनचूक केलं, पण त्याला काही अर्थ नव्हता.

परत आल्यावर तो हात त्यांनी माझ्यासमोर धरला. "बग. ह्यो माझा न्हायच. ह्यो आबांचा हाय."

त्यांना हसू येत होतं. मला आलं नाही. पणदऱ्यात सून म्हणून आल्यापासून त्या हाताला एकच काम पक्कं शिकवलं होतं. मोठं माणूस दिसलं की पदर. धडे पाठ करता येतात. अंगवळणी पडलेलं पुसायचं कसं, हे कुठल्या पुस्तकात असतं? आणि आता एकच खेप उरली होती.

मग आम्ही तात्यांना धरलं. वय, मिशा, फेटा, सगळं त्यांच्याकडं तयार होतं. गोदाबाईंनी हात घासून उभं राहायचं, तात्यांनी खाकरून आत यायचं, आणि पदराकडं हात गेला तर मी चिमट्यानं बोटांवर मारायचं, असा बेत. तात्यांना तो मुळीच पसंत पडला नाही. "ह्या अख्ख्या दवाखान्यात मला बघून पदर घ्येनारी तुमी येकलीच बाई हाय," ते म्हणाले. "त्ये बी मीच मोडायचं व्हय?" पण रोज दुपारी, रोगी जरा निजले की, बिचारे खाकरत यायचे. पहिले कितीतरी दिवस पालथ्या घड्यावर पाणी. गोदाबाईंची बोटं लाल व्हायची. एकदा त्या इतक्या दमल्या होत्या की पुढं धरलेल्या हातांनिशी उभ्या उभ्याच झोपल्या, आणि तात्या खाकरून खाकरून कंटाळून निघून गेले. हळूहळू हात नुसता दचकून जागच्या जागी राहायला लागला. मग दचकणंही कमी झालं. तात्या बाहेर जाताना मला म्हणाले, "झाली बाई पास. आता मला कोन इचारतंय."

परीक्षा तोंडावर आली आणि एका सकाळी स्वतः आबा आले.

तोडलेल्या उसाचा बुडखा पायात घुसला होता. आठ-पंधरा दिवस घरी हळद-तेल करून झालं होतं आणि पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. धाकट्या मुलानं बैलगाडीत घालून आणलं. डॉक्टरसाहेबांनी जखम उघडली, पू काढला, आणि साफ करून बांधायला सांगून दुसऱ्या रोग्याकडं गेले. ड्रेसिंगच्या खोलीत गोदाबाई हात घासून उभ्या, मी सामानाचा ट्रे धरून शेजारी. आबांना मुलानं आधार देऊन आत आणलं. दारात ते खाकरले.

मी त्या हाताकडं बघत राहिले. तो थोडा वर आला. तिथंच थांबला. मग गोदाबाईंनी चिमटा उचलला, खाली बसल्या आणि दिरानं उचलून धरलेला सासऱ्यांचा पाय मांडीवर घेतला. उघड्या डोक्यानं.

आबा जखमेकडं बघत नव्हते, सुनेच्या डोक्याकडं बघत होते. दुखलं असणार, खूप दुखलं असणार, पण म्हाताऱ्यानं तोंडातून आवाज काढला नाही. बांधून झाल्यावर मुलाच्या खांद्यावर हात टाकून उठले आणि चालते झाले. गोदाबाईंनी हात धुतले, पिन काढली, पदर पार कपाळापर्यंत ओढला आणि फाटकापर्यंत धावल्या. त्यांना धावताना मी तेवढंच पाहिलं. आबा गाडीत बसले होते.

"आता सुचला व्हय पदर?" ते म्हणाले. "चार मान्सांत मला उघड्या डोस्क्यानं सामोरी आलीस. लई मोठी झालीस. पोर इसर."

गाडी गेली. गोदाबाई आत आल्या आणि उरलेली पाळी पुरी केली. मला राहवेना, मी म्हटलं, क्षणभर पदर घेतला असता, मग पुन्हा हात घासले असते, तर काय बिघडलं असतं? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं आता चिडतील. पण चिडायलाही अंगात जोर लागतो.

"तेवढं सुचायला येळ कुटं व्हता, शालन? पाय समोर दिसला. बाकी काय दिसलंच न्हाय." मग म्हणाल्या, "आता पास हून तरी काय करायचं?"

आम्ही त्यांना ढकलूनच पुण्याला पाठवलं असं म्हणायला हरकत नाही. तात्यांनी स्टेशनपर्यंत पेटी नेली. त्या परीक्षेला गेल्या, आल्या, विचारलं तर "झाली" एवढंच म्हणाल्या. निकाल आला तेव्हा त्या बायकांच्या खोलीत एका बाळंतिणीला पेज भरवत होत्या. पास झाल्याचं ऐकून त्यांनी पेज संपवली, वाटी धुतली, खोलीत गेल्या आणि भर दुपारी चटईवर आडव्या झाल्या. कामाच्या वेळेत मी त्यांना स्वतःहून पाठ टेकून झोपलेलं पहिल्यांदाच पाहत होते. डॉक्टरसाहेबांनीही कुणाला उठवू दिलं नाही.

नेमणूक इंदापूरला झाली. खोली मिळाली. आता पणदरं.

सोबत म्हणून मला नेलं. आबा ओसरीवर बसले होते. गोदाबाईंनी पाया पडून उंबऱ्याशी बसकण मारली, पदर एवढा पुढं की तोंड दिसेना.  चुलीवरचं सगळं शिजलं, वाढलं गेलं, माणसं जेवून उठली, मलाही ताट आलं, आणि त्या तिथंच. कमळ आतल्या दाराआडून बघत होती. गोरटेली, सडपातळ, केस घट्ट विंचरलेले. उन्हं ओसरीवर आली तेव्हा आबा बोलले.

"हितं हातभर पदर, आन तितं डोस्कं उघडं. ह्यातलं खरं कंचं?"

"दोनी खरं हाय, आबा," पदराआडून गोदाबाई म्हणाल्या. "हितं तुमी हाय. तितं जखम व्हती."

आबांनी पाय पुढं घेतला. तळव्यावर वण होता. त्यांनी तो अंगठ्यानं दाबून पाहिला, मग पुन्हा एकदा दाबून पाहिला. सुनेकडं न बघता आत हाक दिली, "कमळे, कापडं बांध." बोलून उठले आणि मळ्याकडं निघून गेले. चालताना लंगडत नव्हते. शब्दाचा माणूस होता, पण शब्द पाळतानाही त्याला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं.

मला आनंद झाला. तो फार वेळ टिकला नाही. कमळ गाठोडं घेऊन बाहेर आली आणि चुलतीच्या गळ्यात पडून रडायला लागली. चुलतीनंच तिला वाढवलं होतं. "आई," ती चुलतीला म्हणाली, "मला जावंच लागंल का?"

गोदाबाई उंबऱ्याशी उभ्या होत्या. त्यांनी खाली वाकून पोरीचं गाठोडं उचललं. मोटारीत कमळ माझ्या शेजारी बसली.

दिवाळीनंतर मी घरी इंदापूरला गेले तेव्हा गोदाबाईंकडं जाऊन आले. तिथं त्या एकट्याच नर्स. गर्दी बारामतीपेक्षा जास्त, उसंत कमी. नाव रजिस्टरात चढलं तरी काळी वर्तुळं उतरली नव्हती. खोली स्वच्छ होती, दोन ताटं, दोन वाट्या, खुंटीवर पोरीचा परकर. कमळ शाळेत जात होती, पाणी भरत होती, सांगितलेलं सगळं ऐकत होती. फक्त आईला हाक मारत नव्हती. आई म्हणजे पणदऱ्याची. हिला काय म्हणायचं ते तिला सुचत नव्हतं, म्हणून काही हवं असलं की समोर येऊन उभी राहायची, आईचं लक्ष जाईपर्यंत. दवाखान्यातही तशीच, रोग्यांच्या रांगेत.

मला ते बघवेना. मी तिला जवळ घेऊन दोन शब्द सांगायला निघाले, तर गोदाबाईंनी मला अडवलं.

"ऱ्हाऊ दे. मी न्हाय का परीक्षेला बसले पुन्यांदा पुन्यांदा? तिला बी बसू दे की. कुनी रेघ मारू नका म्हंजे झालं."

निघताना त्या मला स्टँडवर पोचवायला आल्या. दुपारच्या जेवणाची वेळ तेवढी मोकळी होती, ती माझ्यासाठी घालवली.  मी खिडकीशी बसले आणि त्या पलीकडच्या लिंबाला टेकल्या. डोळे मिटू लागले होते. मोटार भरत होती, टोपल्या वर चढत होत्या, कंडक्टर ओरडत होता.

तेवढ्यात दवाखान्याच्या बाजूनं कमळ पळत आली. कुणीतरी रोगी आला असणार. मधे मोटार आडवी, पुढं माणसांची ही गर्दी, त्यामुळे नेहमीसारखं समोर जाऊन उभं राहायला तिला वाट मिळेना. ती एकदा ह्या बाजूनं घुसली, एकदा त्या बाजूनं. मग तिथंच थांबली, टाचा उंचावल्या आणि तोंडाला हात लावून ओरडली.

इंजिन सुरू झालं होतं. काय ओरडली ते मला काही ऐकू आलं नाही. पण गोदाबाईंना ऐकू आलं. त्या झाडापासून सुट्या झाल्या आणि गर्दीत तिला शोधू लागल्या.